पहिलं पारितोषिक, आणि त्यानंतरची सतरा वर्षं



१९३० साली पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत सोळा वर्षांच्या एका मुलाने परीक्षकांसमोर एल्गारचा चेलो कंचेर्टो वाजवला आणि त्याला पहिलं पारितोषिक मिळालं. मुलाचं नाव पॉल तोर्तेलिए. पुढच्याच वर्षी लामुरो ऑर्केस्ट्राबरोबर लालोचा कंचेर्टो वाजवून त्याने एकल वादक म्हणून पदार्पणही केलं. इथपर्यंत वाचलंत की पुढचं आपण मनातल्या मनात भरून टाकतो: हुशार मुलगा, मग दौरे, मग रेकॉर्ड, मग जगभर नाव. नाव झालं, पण ते १९४७ साली, आणि तेही लंडनमध्ये. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. मधली सतरा वर्षं कुठे गेली?

आज मला त्या सतरा वर्षांबद्दल लिहायचं आहे. कारण तुमच्यापैकी बरेच जण आत्ता ज्या टप्प्यावर आहात (नेट निघाली, पेट निघाली, एम.एस्सी.ला वरचा नंबर होता, आणि तरी पुढचं काही दिसत नाही), त्या टप्प्यावर चरित्रं वाचायची एक विशिष्ट वाईट सवय लागते. आपण शिखरं वाचतो आणि मधल्या दऱ्या गाळतो.

संशोधनाच्या ब्लॉगवर चेलो कुठून आला, असं विचाराल. माझा विषय घर्षण. गजाने तार वाजते ती घर्षणामुळेच: गजाचे केस तारेला धरून थोडं ओढत नेतात, ताण वाढला की तार निसटते, पुन्हा पकडली जाते, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा घडतं. सर सी. व्ही. रामन यांनी नोबेलच्या पुष्कळ आधी, कलकत्त्यात असताना, याच विषयावर पुष्कळ काम केलं होतं. त्यांचा गजाने वाजणाऱ्या तारांवरचा मोठा निबंध १९१८ सालचा. त्या वाचनाच्या नादात तोर्तेलिएच्या वाकड्या दांडीशी माझी गाठ पडली, आणि दांडीवरून मी माणसाकडे गेले. दांडीकडे पुढे येऊच.

आधी घर. तोर्तेलिएचा जन्म २१ मार्च १९१४ चा, पॅरिसच्या मोंमार्त्र भागातला. वडील फर्निचर बनवणारे कारागीर. घरात पैसा बेताचा, पण संगीत होतं. आईला चेलोचं विलक्षण वेड, आणि मुलगा चेलोवादकच झाला पाहिजे हा तिचा हट्ट. सहाव्या वर्षी त्याच्या हातात चेलो आला. बाराव्या वर्षी तो कॉन्झर्व्हेटरीत दाखल झाला. किशोरवयातच कॅफेंमध्ये आणि मूकपट दाखवणाऱ्या थिएटरांत वाजवून तो घरी चार पैसे आणत असे. तुम्हाला माहीत असेल, मूकपटांच्या काळात पडद्यासमोर वादक बसवून चित्रपटाला साथ केली जायची. पॅरिसमधल्या कितीतरी वादकांची चूल त्यावर पेटायची. मग १९३० च्या आसपास बोलपट आले आणि तो धंदा बसला. म्हणजे तोर्तेलिएला पारितोषिक मिळालं तेव्हाच वादकांसाठीची खालची पायरी मोडत होती. चरित्रात ही गोष्ट क्वचित येते, कारण ती एका माणसाची नसून बाजाराची आहे.

आता ती कॉन्झर्व्हेटरी नेमकी काय चीज होती ते समजून घेऊ, कारण सगळं त्यावर उभं आहे. ही संस्था १७९५ सालची, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीचं अपत्य. संगीतशिक्षण चर्चच्या आणि दरबाराच्या हातून काढून राष्ट्राच्या हाती द्यायचं, सरकारी खर्चाने द्यायचं, आणि सगळ्यांना एकाच पद्धतीने द्यायचं, हा त्यामागचा विचार. म्हणून मग प्रत्येक वाद्याचं अधिकृत पाठ्यपुस्तक तयार झालं, चेलोचंही एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. फी नाही, पण प्रवेश स्पर्धेतून. सुताराच्या मुलाला तिथे जागा मिळू शकत होती ती या रचनेमुळे. मात्र आत गेल्यावर दरवर्षी एक जाहीर स्पर्धा, बाहेरचे परीक्षक, आणि निकाल तिथल्या तिथे.

या स्पर्धेत चेलोवादकाला तयार केलेली रचना तर वाजवायची असेच, पण कधीही न पाहिलेली स्वरलिपी समोर ठेवून ती पहिल्या नजरेत वाजवायचीही परीक्षा असे. दरवर्षी त्यासाठी मुद्दाम नवी रचना करवून घेत, म्हणजे कुणी आधी घोकून येऊ नये. देब्युसीची क्लॅरिनेटसाठीची एक चिमुकली रचना अशीच १९१० च्या परीक्षेसाठी लिहिलेली आहे. पेपर काढायला देब्युसी! या सगळ्याच्या मुळाशी 'सोल्फेज' नावाचा विषय: स्वरलिपी पाहून स्वरांची नावं घेत गाणं, तेही भराभर, न अडखळता. वाद्य नंतर, कान आणि डोळे आधी. आपल्याकडे गुरूसमोर बसून ऐकत ऐकत शिकायची रीत आहे. इथे कागद आधी येतो. दोन्हींत काय मिळतं आणि काय निसटतं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण एवढं खरं की या तालमीतून निघालेला विद्यार्थी कुठल्याही ऑर्केस्ट्रात दुसऱ्या दिवशी जाऊन बसू शकत असे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि आता एक शब्द, ज्यावर नवखे हमखास घसरतात. 'प्रमिए प्री', म्हणजे पहिलं पारितोषिक. मराठीत वाचलं की आपल्या डोक्यात येतं, वर्गात पहिला. तसं नाही. ही एक श्रेणी होती. परीक्षकांना योग्य वाटले तर एकाच वर्षी एकाहून अधिक विद्यार्थ्यांना पहिलं पारितोषिक मिळे. त्याखाली दुसरं पारितोषिक, त्याखाली आणखी पायऱ्या. आपल्या भाषेत 'विशेष प्राविण्यासह उत्तीर्ण'च्या जवळ जाणारं ते प्रमाणपत्र होतं. फ्रेंच वादकांच्या प्रत्येक परिचयात हे दोन शब्द दिसतात ते यामुळे. विशीच्या आत ज्याने ते मिळवलं नाही त्याचीच उलट चर्चा व्हायची. तेव्हा एखाद्या कागदपत्रात पदवी, पारितोषिक, हुद्दा दिसला की त्या काळात त्या शब्दाचं वजन किती होतं, हे आधी तपासा. शब्दकोश इथे कामाचा नाही. त्या वर्षी तो शब्द आणखी किती जणांना लावला गेला, हे पाहावं लागतं.

असंच नावांचं. तोर्तेलिए आधी लुई फोयारकडे शिकला (यांचं रोजच्या सरावाचं पुस्तक आजही चेलो शिकणाऱ्यांच्या स्टँडवर असतं) आणि मग जेरार हेकिंगकडे. आता हेकिंग नावाचे नावाजलेले चेलोवादक त्या काळात एक नाही, तीन: आंटोन, आंद्रे आणि जेरार, एकाच डच घराण्यातले. नुसतं 'हेकिंग यांच्याकडे शिक्षण' असं कुठे वाचलंत तर थांबा. तोर्तेलिएचे गुरू जेरार. ते अ‍ॅमस्टरडॅमच्या कोन्सर्टखेबाऊ ऑर्केस्ट्रात १९०३ पासून पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंत प्रमुख चेलोवादक होते, आणि १९२७ पासून पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत प्राध्यापक. म्हणजे गुरूही ऑर्केस्ट्रात दहा-अकरा वर्षं बसून आलेला माणूस.

पारितोषिकासाठी एल्गार वाजवला हेही नुसतं वाचून पुढे जाऊ नका. तो कंचेर्टो १९१९ चा, तेव्हा जेमतेम अकरा वर्षांचा. पहिला प्रयोग पुरेशा तालमीअभावी फसलेला. संगीतकार अजून हयात, आणि इंग्रज. आज ती रचना चेलोवादकांच्या तोंडपाठ असते म्हणून आपल्याला ती 'अभिजात' वाटते. १९३० च्या पॅरिसमध्ये ती जवळजवळ नवीन आणि परक्या मुलखातली होती. एखाद्या विद्यार्थ्याने गेल्या दशकातला, परदेशात छापलेला, अजून पाठ्यपुस्तकात न गेलेला सिद्धांत तोंडी परीक्षेत मांडावा, तसं काहीसं.

बरं, पारितोषिक मिळालं. पुढे?

पुढे तोर्तेलिए त्याच संस्थेत परत वर्गात जाऊन बसला, हार्मनी शिकायला, जां गालों यांच्याकडे. चेलो संपला होता, संगीत संपलं नव्हतं. हे मला त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण वाटतं, आणि चरित्रकार त्याला एका ओळीत उरकतात. तो केवळ वादक राहिला नाही, पुढे रचनाही करू लागला. दोन चेलो आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीचा त्याचा कंचेर्टो आहे, आणि विद्यार्थ्याला एखादा स्वर का वाजवायचा हे सांगताना तो बोटांच्या आधी त्या स्वराखालच्या हार्मनीबद्दल बोलायचा. त्याचं मूळ या वर्गात आहे.

तुलनेसाठी त्याचाच समकालीन आंद्रे नावारा पाहा. तोर्तेलिएपेक्षा तीन वर्षांनी मोठा. याने तर पंधराव्या वर्षीच पॅरिसचं पहिलं पारितोषिक घेतलं आणि त्यानंतर कुणाकडेही शिकायला गेला नाही. व्हायोलिनच्या सरावाची पुस्तकं घेतली, ती चेलोसाठी बेतून घेतली आणि आपलं तंत्र आपणच घडवलं. एकच संस्था, एकच प्रमाणपत्र, आणि दोन टोकांचे रस्ते. दोघंही थोर शिक्षक झाले. म्हणून 'फ्रेंच चेलो घराणं' असा शब्दप्रयोग कुठे दिसला की मी जरा सावध होते. घराणं होतं ते परीक्षेपर्यंत.

१९३५ मध्ये तोर्तेलिए माँटे कार्लोच्या ऑर्केस्ट्रात रुजू झाला. दोन वर्षं तिथे. मग १९३७ मध्ये अटलांटिक ओलांडून बॉस्टन सिंफनीत, सर्गेई कूसेविट्स्कींच्या हाताखाली. (कूसेविट्स्की स्वतः डबल बेसचे नामांकित वादक. चेलोच्या रांगेकडे त्यांचा कान कसा असेल याची कल्पना करा.) मग दुसरं महायुद्ध. युद्ध संपल्यावर पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीशी निगडित ऑर्केस्ट्रात प्रमुख चेलोवादक. म्हणजे पदार्पणानंतरच्या वर्षांतली बरीचशी वर्षं तो पगारी वादक होता. एका मोठ्या समूहातला एक.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या मनात जे आलं ते कदाचित तुमच्याही येईल: वाया गेली. आता जरा बारकाईने पाहू.

तोर्तेलिएला लंडनमध्ये नाव मिळवून दिलं ते रिखार्ड श्ट्राउसच्या 'डॉन किहोते'ने. ही रचना १८९७ ची. सेर्वांतेसच्या कादंबरीतला तो वेडा सरदार म्हणजे एकल चेलो, आणि त्याचा सेवक सांचो पांझा मुख्यतः व्हिओला. पण ही रचना कंचेर्टो नाही. मुळात ती अशी बेतलेली आहे की ऑर्केस्ट्रातल्या प्रमुख चेलोवादकाने आपल्या खुर्चीवरूनच सरदार व्हावं. बाहेरून तारा बोलावण्याची पद्धत नंतर रूढ झाली. म्हणजे ती शिकायची जागाच ऑर्केस्ट्रा. एकट्याने खोलीत बसून ती घटवता येते, पण सरदार कधी एकटा बोलतो, कधी गर्दीत हरवतो, कधी बासरी त्याच्या आधी वाक्य संपवते, हे आत बसल्याशिवाय कळत नाही. तोर्तेलिएने ती माँटे कार्लोला असताना वाजवली होती. आणि कुणाच्या संचालनाखाली? खुद्द श्ट्राउसच्या.

आता १९४७. त्र्याऐंशी वर्षांचे श्ट्राउस ऑक्टोबरमध्ये लंडनला आले. सर थॉमस बीचम यांनी त्यांच्या रचनांचा महोत्सव भरवला होता, आणि त्यात 'डॉन किहोते'साठी बीचमनी बोलावलं तोर्तेलिएला. त्याच महिन्यात त्यांनी ती रचना ध्वनिमुद्रितही केली. तिथून इंग्लंडने त्याला जे आपलंसं केलं ते शेवटपर्यंत. सव्वीस वर्षांनंतर, १९७३ मध्ये, ड्रेस्डेनच्या ऑर्केस्ट्राबरोबर रूडोल्फ केंपे यांच्या संचालनाखाली त्याने तीच रचना पुन्हा मुद्रित केली. तीही आज नावाजली जाते. दोन्ही मुद्रणं ऐकायला मिळतात. आधी १९४७ चं ऐका.

तेव्हा 'वाया गेली' हे आपलं विधान टिकत नाही. पण म्हणून त्याच्या उलट टोकाचं, 'सगळं शेवटी कारणी लागतं' असं गुळगुळीत विधान करायलाही मी तयार नाही. माँटे कार्लोची दोन वर्षं कारणी लागली, याला पुरावा आहे. बाकीच्या वर्षांचा हिशेब वेगळा. त्यातली युद्धाची वर्षं ही एका पिढीकडून हिसकावून घेतलेली वर्षं आहेत. याच परंपरेतला थोडा आधीचा वादक मोरिस मारेशाल पहिल्या महायुद्धात खंदकात होता. त्याच्यासाठी सोबतच्या सैनिकांनी दारूगोळ्याच्या खोक्यांच्या लाकडाचा चेलो बनवला. त्यावर सेनापतींच्या सह्या आहेत आणि तो आज पॅरिसच्या संगीत संग्रहालयात जपलेला आहे. गोष्ट सुंदर आहे, पण तेवीस-चोवीस वर्षांच्या वादकाने ती वर्षं तशा चेलोवर काढली, हेही त्या काचेच्या कपाटात आहे.

१९५० चा उन्हाळा हा दुसरा टप्पा. पाब्लो कासाल्स, त्या काळातला सर्वांत मोठा चेलोवादक, फ्रँकोच्या राजवटीच्या निषेधार्थ स्पेन सोडून फ्रान्सच्या हद्दीतल्या प्राद या गावात राहत होता, आणि जगाने फ्रँकोला मान्यता दिली म्हणून त्याने जाहीर वादनच थांबवलं होतं. तो बाहेर येत नाही तर आपण त्याच्याकडे जाऊ, असं वादकांनी ठरवलं. बाखच्या निधनाला दोनशे वर्षं होत होती, ते निमित्त. जगभरातून वादक त्या छोट्या गावात जमले. त्या ऑर्केस्ट्राचा प्रमुख चेलोवादक होता तोर्तेलिए. लक्षात घ्या, लंडनच्या यशाला तीन वर्षं झाली होती. एकल वादक म्हणून नाव झालं होतं. तरी तो परत ऑर्केस्ट्राच्या खुर्चीत जाऊन बसला, कारण समोर कासाल्स होता.

कासाल्सने चेलोवादनात काय बदललं ते दोन वाक्यांत सांगते. त्याच्या लहानपणी विद्यार्थ्याच्या काखेत पुस्तक धरायला लावत, कोपर शरीरापासून हलू नये म्हणून. त्याने तो हात मोकळा केला, डाव्या हाताची बोटं ताणून फिरवायला शिकवलं, आणि स्वर पियानोच्या ठरीव जागेवर न ठेवता पुढच्या स्वराकडे किंचित झुकवायला शिकवलं. आपल्याला ही शेवटची गोष्ट पटकन कळते. श्रुतींची ओळख असलेल्या कानाला ती नवी नाही.

आता दांडी.

चेलोच्या खालच्या टोकाला जमिनीवर टेकणारी एक दांडी असते, एंडपिन. पूर्वी ती सर्रास नव्हती. वादक चेलो पोटऱ्यांमध्ये धरून बसायचे. बेल्जियमचा सेर्व्हे हा एकोणिसाव्या शतकातला वादक, त्याच्यापासून दांडी रूढ झाली असं मानतात. ही दांडी सरळ. तोर्तेलिएने ती वाकडी केली: चेलोतून बाहेर आल्यावर जमिनीच्या दिशेने कोन करून उतरणारी. त्यामुळे चेलो बराच आडवा होतो.

यात फायदा काय? बारावीचं भौतिकशास्त्र पुरे. गज तारेवर दाबावा लागतो, आणि हाताचं वजन खाली ओढतं. तार जमिनीशी θ कोन करत असेल तर त्या वजनाचा तारेला लंब असलेला घटक कोसाइन θ पटीत मिळतो. तार ६० अंशांवर असेल तर निम्मं वजन कामाला येतं. उरलेला मोठा घटक तारेच्या दिशेने, म्हणजे गजाला घोडीकडे घसरवायला. त्याला रोखायलाच स्नायू खर्ची पडतात. तार ४५ अंशांवर आणा, सुमारे ७१ टक्के वजन फुकट दाब म्हणून मिळतं. (हे कोन समजावण्यापुरते घेतले आहेत.) मग तुम्ही म्हणाल, सरळ दांडीच लांब करा की. करता येते, पण मग ती जमिनीला फार तिरकी टेकते आणि सटकते. घर्षणाची मर्यादा आड येते. वाकवल्यावर दांडी लांबही राहते आणि जमिनीला बऱ्यापैकी उभीही टेकते. एका वाकणात दोन अडचणी सुटल्या. पुढे रोस्त्रोपोविचनेही वाकडी दांडी स्वीकारली, यावरून काय ते समजा.

फर्निचर करणाऱ्या कारागिराच्या मुलाने हे केलं, असं लिहायचा मोह प्रचंड होतो. सुतारकामाचं बाळकडू वगैरे. वाक्य छान दिसेल, पण त्यामागे पुरावा काय? वडिलांचा धंदा आणि मुलाची युक्ती शेजारी शेजारी ठेवली की कार्यकारणभाव आपोआप दिसू लागतो. तुमच्या प्रबंधातही असे मोह येतील.

१९५५ मध्ये, कारकीर्द ऐन भरात असताना, हा माणूस बायको-मुलांसह इस्रायलमधल्या मआबारोत नावाच्या किबुत्झवर राहायला गेला. ज्यू नव्हता, कॅथलिक घरातला. खासगी मालमत्ता नाही, सगळं सामायिक, अशी ती वसाहत. त्या जगण्याचं त्याला आकर्षण होतं. सुमारे वर्षभर राहिला. 'इस्रायल सिंफनी' ही त्याची रचना त्या ओढीतून आलेली. या वर्षाकडे चरित्रं 'विक्षिप्तपणा' म्हणून पाहतात. मला ते तसं वाटत नाही. मोफत सरकारी शाळेत शिकलेल्या आणि मूकपटांत वाजवून घरी पैसे आणलेल्या माणसाला, बरोबरीने वाटून घेणाऱ्या वसाहतीचं कुतूहल वाटावं यात विक्षिप्त काय? पण हे माझं अनुमान, आणि अनुमान म्हणूनच घ्या.

परत आल्यावर तो त्याच कॉन्झर्व्हेटरीत प्राध्यापक झाला आणि १९६९ पर्यंत राहिला. नंतर जर्मनीत एसेनला, मग नीसला. १९८० मध्ये बीजिंगच्या मध्यवर्ती कॉन्झर्व्हेटरीने त्याला मानद प्राध्यापक केलं. सांस्कृतिक क्रांतीत जिथे पाश्चात्त्य संगीत वाजवणं गुन्हा ठरलं होतं, तिथे अवघ्या चार वर्षांनी. १९६४ मध्ये बीबीसीने त्याचे वर्ग टेलिव्हिजनवर दाखवले आणि चेलोशी काही देणंघेणं नसलेली माणसंही ते पाहू लागली. गाऊन दाखवणं, हातवारे, गोष्टी सांगणं, सगळं त्यात होतं. बायको मोद मार्तां-तोर्तेलिएही चेलोवादक, मुलगा यान पास्काल संचालक, मुली मारिया पियानोवादक आणि पोमोन चेलोवादक.

विद्यार्थ्यांच्या यादीत जॅकलिन दू प्रे हे नाव नेहमी ठळक छापलं जातं. ती १९६२ मध्ये पॅरिसला त्याच्याकडे आली हे खरं. पण काही महिन्यांपुरतीच, आणि तिला घडवणारे गुरू लंडनचे विल्यम प्लीथ. तोर्तेलिएने एल्गार वाजवून पारितोषिक घेतलं, दू प्रेने एल्गारच्या मुद्रणाने जग जिंकलं, तेव्हा धागा जोडावासा वाटतो, पण तो ओढूनताणून जोडलेला होईल. त्यापेक्षा फिनलंडचा आर्तो नोरास पाहा: पॅरिसला तोर्तेलिएच्या वर्गात रीतसर शिकला, १९६६ मध्ये मॉस्कोच्या चायकोव्स्की स्पर्धेत दुसरा आला, आणि मायदेशी जाऊन पुढची पिढी घडवली. गुरूचा वारसा शोधायचा तर प्रसिद्ध नावापेक्षा वर्गात जास्त वर्षं बसलेलं नाव शोधावं. गाईडच्या पानावरची 'आमचे विद्यार्थी' ही यादी वाचतानाही हीच कसोटी लावा. कोण आलं होतं यापेक्षा कोण राहिलं, आणि नंतर काय करू शकलं.

साधनांबद्दल थोडं. तोर्तेलिएच्या आयुष्याचा सर्वात मोठा लिखित स्रोत म्हणजे डेव्हिड ब्लम यांच्याशी झालेल्या संवादांचं पुस्तक, १९८४ सालचं. तोर्तेलिए तेव्हा सत्तरीचा. यशस्वी म्हाताऱ्या माणसाने सांगितलेलं आपलं बालपण, तेही प्रश्न विचारणाऱ्या चाहत्यासमोर. ते खोटं असतं असं नाही, पण त्याला आकार असतो. आई, चेलो, गरिबी, पारितोषिक, कासाल्स: हा क्रम सांगणाऱ्याने लावलेला आहे. पारितोषिकांच्या नोंदी, ऑर्केस्ट्राच्या वादकांच्या याद्या, कार्यक्रमपत्रिका ही साधनं मुकी असतात, पण त्यांना आपण कसे दिसतो याची चिंता नसते. दोन्ही समोरासमोर ठेवा. आठवणीत दोन ओळींत संपणारी ऑर्केस्ट्राची वर्षं कागदांत मात्र पानंच्या पानं भरतात: आज हा संचालक, उद्या ती रचना, परवा तालीम. कामाचा दिवस तिथे दिसतो. आणि ध्वनिमुद्रणं तर आपल्यासारख्यांसाठी मेजवानीच. बाखच्या सहा स्वीट्स त्याने दोनदा संपूर्ण मुद्रित केल्या, एकदा १९६० च्या सुमारास आणि पुन्हा १९८० च्या दशकात. एकच माणूस, एकच संहिता, मधे वीसेक वर्षं. नियंत्रित प्रयोगाच्या इतकं जवळ इतिहासात फार काही मिळत नाही.

तोर्तेलिए १८ डिसेंबर १९९० ला गेला, पॅरिसच्या वायव्येला व्हिलार्सो इथे, शहात्तराव्या वर्षी.

ऐकायचं असेल तर तिसऱ्या स्वीटपासून सुरू करा, आणि शक्य झालं तर दोन्ही मुद्रणांतलं सारबांद पाठोपाठ लावा. इअरफोन लावून, गजाच्या दिशा बदलाच्या क्षणाकडे कान ठेवून. तो क्षण म्हणजे घर्षणाची दिशा उलटण्याचा क्षण, तिथे आवाज तुटायला हवा. तुटतो का, ते मला कळवा. त्या क्षणी तारेवर नेमकं काय होतं, त्याची आकृती पुढच्या लेखात काढते.